थंडी न पाहिलेली बोट

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. अल मनखूलमध्ये तिचं क्लिनिक आहे आणि आम्ही राहतो डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. माहेर तिचं सातारचं. लग्न होईपर्यंत तिने समुद्र सहलीपुरताच पाहिलेला. आणि ही बाई गेली कित्येक वर्षं शिडाची बोट चालवते. नवीन कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे बघतात. मला तर धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा मळमळतं.

तिला बोटीचा नाद लागला तो एका पेशंटमुळे. एक स्वीडिश गृहस्थ दाढ तुटली म्हणून क्लिनिकमध्ये आले. इथे दुबईत त्यांची सगळी नोकरी झाली होती, निवृत्तीनंतरही बोटीपायी इथेच राहिले होते. दाढ बसवून झाल्यावर तोंड बधिर असतानाच ते तिला म्हणाले, "डॉक्टर, तुमचे हात स्थिर आहेत. बोटीवर या एकदा." आम्ही दोघं मुलीला घेऊन गेलो. मरीनातून बाहेर पडल्यावर पाचच मिनिटांत त्यांनी सुकाणूचा दांडा तिच्या हातात दिला आणि स्वतः खाली चहा करायला गेले. मी कठडा धरून बसलो होतो. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भीती होतीच, पण भीतीच्या वर काहीतरी होतं.

पुढे दर आठवड्याला ती जाऊ लागली. वारा कसा ओळखायचा, गाठी कशा मारायच्या, पंप कसा उघडायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. आमच्या घरात ते 'काका' झाले. मुलगी त्यांना अंकल म्हणायची. मग काकांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना मुलाकडे स्वीडनला जावं लागलं. जाताना बोटीच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. "मी येईपर्यंत बघ," म्हणाले. ते काही आले नाहीत, पण तिने बोट बघितली. शिडं शिवून घेतली, बुडाचे शिंपले खरवडून घेतले, उन्हाळ्यात पार्किंगला गाडी ठेवून भर उकाड्यात दोऱ्या तपासायला जायची. माझ्या लेखी ती बोट तिचीच झाली होती.

म्हणून ऑक्टोबरात काकांचा फोन आला तेव्हा मला जरा लागलंच. जेवण चाललं होतं. फोन स्पीकरवर होता. काका म्हणाले, डॉक्टरांनी आता हळूहळू बोट चालवायला परवानगी दिलीय, मुलाच्या घरासमोरच खाडी आहे, तर बोट जहाजावर चढवून इकडे पाठवता येईल का?

"येईल की," ती म्हणाली. एक क्षणही थांबली नाही.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अगं, एवढी वर्षं सांभाळलीस, निदान विचार करते म्हणायचंस."

"काय विचार करायचा? बोट त्यांची आहे." तिने मला भाजी वाढली आणि विषय संपवला.

खरी अडचण काकांच्या दुसऱ्या फोनमध्ये कळली. जहाज तिकडे पोचणार ते ऐन हिवाळ्यात. बोट किनाऱ्यावर उघड्यावर उभी राहणार, थेट बर्फ वितळेपर्यंत. बोटीत गोड्या पाण्याच्या नळ्या असतात. टाकीतून पंपाकडे, पंपातून गीझरकडे, तिथून नळांना. त्यात पाणी राहिलं तर ते गोठणार, गोठलं की फुगणार, आणि फुगलं की नळी तरी फुटणार नाहीतर गीझर तरी. तिकडे लोक दरवर्षी हिवाळ्याआधी सगळं पाणी काढून नळ्यांमध्ये न गोठणारं द्रव भरतात. ही बोट मात्र जन्मापासून आखातातली. तिने थंडी म्हणून कधी पाहिलीच नव्हती.

"वाटेत कुणी करणार नाही, तुलाच करावं लागेल," काका म्हणाले. "आणि तू कर. मला दुसऱ्या कुणाची खात्री नाही."

मरीनाच्या यार्डचा मॅनेजर कोचीचा, आमच्या चांगल्या ओळखीचा. तिने त्याला विचारलं तर तो खदखदून हसला. "मॅडम, इधर एसी का काम बोलो, आज करके देगा. बर्फ का काम किसी ने बोला ही नहीं." मग हसणं आवरून त्याने मदत म्हणून गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या हिरव्या कूलंटचा कॅन पुढे केला. "ये डालो, खलास."

तिने कॅनच्या मागचं बारीक अक्षर वाचलं आणि तो परत दिला. "हे विष आहे हो. ज्या नळाचं पाणी माणसं पिणार, त्यात हे नाही घालायचं."

न गोठणारं पण बिनविषारी असं जे तिकडे सहज दुकानात मिळतं, ते दुबईत कुठल्याच दुकानात नव्हतं. का असेल? इथे कुणाला लागणार? मी म्हणालो, आता काकांनाच पाठवायला सांग. ती म्हणाली, थांब. तिला आठवलं की असलाच एक पदार्थ आइस्क्रीमवाले आणि बेकरीवाले वापरतात, औषधांतही असतो. शारजात अशा कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एका गोदामात तिला तो मिळाला. खाण्यात चालेल असा, चकचकीत, थोडासा दाट. गाडीत कॅन ठेवताना माणसाने विचारलं, बेकरी कुठे आहे तुमची? ती म्हणाली, "तरंगती आहे."

पण तो पदार्थ पाण्यासारखा बिनरंगी. मग नळातून पाणी येतंय की हे येतंय, कळणार कसं? त्यावरही तिच्याकडे उत्तर होतं. मुलांनी दात नीट घासलेत का ते दाखवायला दातांचे डॉक्टर एक गुलाबी रंग लावतात. कीट राहिलं असेल तिथे तो चढतो. तोंडात चालणारा रंग. त्याची बाटली तिने क्लिनिकमधून आणली आणि बाल्कनीत बसून, अर्धं पाणी अर्धा तो पदार्थ असं मिश्रण करून, सगळ्या कॅनांत रंग ढवळला. काम संपलं तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले होते. रंग काही केल्या निघेना. पुढचा सबंध आठवडा पेशंटसमोर ती हातमोज्यांत होती म्हणून निभावलं.

बोट सोमवारी उचलायची होती, म्हणून शनिवारी आम्ही दोघं गेलो. सकाळ होती, पण केबिनमध्ये उतरलो की कपडे अंगाला चिकटत होते. स्वीडनच्या थंडीची तयारी आम्ही घाम निथळत करत होतो, आणि ती मात्र अगदी पेशंटच्या तोंडात काम करताना असते तशी शांत. आधी गीझरचं बटण बंद, प्लग काढलेला, पाणी थंड झालेलं. रिकामा गीझर चालू राहिला तर कॉइल जळते, म्हणून बटणावर तिने चिकटपट्टी लावली. मग सगळे नळ उघडून टाकी रिकामी केली. पंप आधी दमदार आवाज करत होता, मग हवा ओढायला लागल्यावर कर्कश ओरडला, तसा तिने लगेच बंद केला.

गीझर एका बाकाखाली कोंबलेला. त्याच्या पोटाशी पाणी सोडायचा खटका होता, पण तो मागच्या बाजूला, हात जाईल पण डोळा जाणार नाही असा. तिने खिशातून दातांच्या तपासणीचा छोटा आरसा काढला, लांब दांड्याचा, आणि मला टॉर्च धरायला सांगितला.

"वर. डावीकडे. अरे, तुझी डावी नाही, माझी."

खटका दिसला, फिरला, आणि पाणी आलं ते करंगळीएवढं. जरा वेळाने तेही थांबलं. मी म्हणालो, झालं वाटतं. तिने गीझरवर बोटाने टकटक केली. आवाज भरलेल्या हंड्यासारखा आला. "नाही. आत हवा जात नाहीये. बाहेर पाणी यायचं तर आत हवा नको?" तिने गीझरच्या डोक्यावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह उचलला. सूं असा आवाज झाला आणि पाणी भडाभडा तळाशी वाहायला लागलं. पुष्कळ वेळ वाहिलं. मला आपलं उगाच वाटलं होतं की झालं.

मग तिने गीझरची आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी काढली आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या, गीझरला वळसा घालून. नाहीतर सगळं गुलाबी मिश्रण गीझरच्याच पोटात गेलं असतं आणि नळांना काही उरलं नसतं. मग पंपाची ओढणारी नळी कॅनमध्ये बुडवली आणि मला नळावर उभं केलं.

"आलं का?"

"पाणीच आहे."

"आता?"

"पाणी... फिकट... आलं! गुलाबी आलं!"

"जरा वाहू दे. चांगलं गडद झालं की बंद कर. आता गरमचा."

असं आम्ही स्वयंपाकाच्या नळापासून बाथरूमपर्यंत केलं. प्रत्येक नळ गुलाबी झाला की मला परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद व्हायचा. शेवटी बोटीच्या मागच्या पायरीवरचा शॉवर, पोहून आल्यावर अंगावरचं मीठ धुवायचा. तिथेही गुलाबी आलं. मी म्हणालो, "खलास! चल, आता एसीत बसू."

ती मात्र पिशवीतून क्लिनिकमधल्या छोट्या प्लास्टिकच्या कपांची चळत काढत होती. प्रत्येक नळाखाली कप धरून तिने थोडं थोडं मिश्रण घेतलं, झाकणावर मार्करने लिहिलं. मग इंजिनाचं झाकण उघडून त्याच्या कूलंटच्या बाटलीतूनही एक कप भरला.

"इंजिनाचं कशाला? ते तर वेगळं आहे ना?"

"इंजिनाचं गरम पाणी गीझरच्या आतल्या वेटोळ्यातून फिरतं. इंजिन चालू असताना त्यावरच आपलं पाणी तापतं. म्हणजे गीझरच्या पोटात दोन पाणी आहेत. एक काढलं. दुसरं कसं आहे, बघू."

घरी आल्यावर तिने फ्रीझरमधल्या सुरमईच्या पिशव्या सरकवल्या आणि सगळे कप ओळीने मांडले. आमची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. आइस्क्रीम काढायला फ्रीझर उघडलं आणि ती किंचाळली. "आई! व्हाय आर देअर युरीन सॅम्पल्स नेक्स्ट टू द मटार?"

"युरीन गुलाबी असतं का? ते स्वीडन आहे. हात लावू नकोस."

"धिस फॅमिली इज नॉट नॉर्मल," म्हणून ती आइस्क्रीम घेऊन निघून गेली.

रविवारी सकाळी आम्ही तिघंही फ्रीझरसमोर उभे होतो. मुलगीसुद्धा, कारण नॉर्मल नसलं तरी उत्सुकता होतीच. स्वयंपाकाच्या नळाचा कप बायकोने तिरका केला. मिश्रण मधासारखं हललं. बाथरूमचाही हलला. मागच्या शॉवरचा कप उलटा केला तरी काही पडेना. गुलाबी, पण दगड. म्हणजे त्या लांब नळीत कुठेतरी पाणी दबा धरून बसलं होतं, रंग पोचला होता पण पाणी पुरतं निघालं नव्हतं. मग तिने इंजिनाचा कप टेबलावर आपटला. खण्ण. तांबूस बर्फ, मधे फुगलेला, झाकण वर उचललेलं.

तिने कप उचलून उजेडात धरला. झाकणाकडे बघत राहिली. तेवढ्या चिमुकल्या कपात काय झालं होतं ते डोळ्यांसमोर होतं. गीझरच्या आत, तांब्याच्या वेटोळ्यात हेच झालं असतं तर वसंतात काकांच्या हातात फुटकं भांडं आलं असतं.

तिने काकांना फोन लावला. तिकडे पहाट होती, पण काका लवकर उठतात. ऐकून काकांनी आधी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं मीच त्यात साधं पाणी घालत आलो. दुबईत गोठणार कशाला? माझ्या डोक्यातूनच गेलं." आणि मग, "तू कप फ्रीझरमध्ये ठेवलेस? माशांबरोबर?" ते इतके हसले की मागून त्यांच्या मुलाचा घाबरलेला आवाज आला.

त्या संध्याकाळी आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि चकल्यांची जबाबदारी आमच्या घरावर होती. मी म्हणालो, फोन करून सांगून टाक. ती म्हणाली, कशाला, वेळ आहे. चकल्या मुलीच्या ताब्यात दिल्या, "डब्यांत भर आणि खाऊ नकोस" असं बजावलं, आणि आम्ही पुन्हा मरीनात.

यार्डचा मॅनेजर सुट्टीवर होता, पण फोन केल्यावर आला. ती म्हणाली, "आता आणा तुमचं हिरवं." त्याला कळेना, तेव्हा विष म्हणणाऱ्या मॅडम आज तेच कसं मागतायत. मग तिने समजावलं की हे इंजिनासाठी, पिण्याच्या पाण्याशी याचा संबंध येत नाही. त्याने कॅन आणला आणि स्वतः बाह्या सरसावून बसला. समुद्राचं पाणी ओढणारी इंजिनाची बाजू सोमवारी बोट उचलल्यावर त्याचीच माणसं करणार होती, ती कशी करायची हेही तिने त्याला सांगितलं.

इंजिनातलं जुनं पाणी बादलीत काढलं. तांबूस, गंजाचं. हिरवं मिश्रण भरलं आणि इंजिन सुरू केलं. आता ते गीझरच्या वेटोळ्यातून फिरतंय की नाही? वेटोळ्याकडे जाणाऱ्या नळीवर तिने हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "जाणारी गरम झाली. येणारी गारच आहे." म्हणजे आत हवा अडकली होती आणि वेटोळं अजून जुन्याच पाण्याने भरलेलं होतं. तिने इंजिन बंद करून थंड होऊ दिलं, घाई केली नाही. मग येणाऱ्या नळीची पट्टी ढिली केली. फुस्स झालं, तांबूस पाणी आलं, मग फेस, आणि मग हिरवं. पट्टी आवळून इंजिन पुन्हा सुरू. आता दोन्ही नळ्या सारख्या तापल्या. तिने माझा हात धरून दोन्हींवर ठेवला, जणू मला नाडी दाखवत होती.

इंजिन बंद केलं; पातळी तपासायची तर ते पुन्हा थंड होईपर्यंत बसणंच होतं. मी विचारलं, "एवढं कुणासाठी करतेस? ही बोट आता तुला दिसणारसुद्धा नाही."

ती हात पुसत होती. "पहिल्या दिवशी ते मला सुकाणू देऊन खाली चहा करायला गेले, आठवतं? मी विचार करत होते, हा माणूस वेडा आहे का, मला काही येत नाही. नंतर कळलं, ते जिन्यातून बघत होते. पण मला दिसू दिलं नाही. माझ्यावर तसा विश्वास तोवर कुणी टाकला नव्हता. माझ्या वडिलांनीही नाही, तूही नाही." शेवटचं ती हसत म्हणाली, पण म्हणाली. "आता त्यांनी सांगितलं, मला दुसऱ्या कुणाची खात्री नाही. मग नीट नको करायला?"

मागच्या शॉवरची नळी तिने सांध्यापासून सोडवली, खाली लोंबकळवून पूर्ण रिकामी केली आणि पुन्हा भरली. शॉवरचा आणि इंजिनाचा असे दोन्ही कपही पुन्हा भरले. मंडळात पोचलो तेव्हा चकल्या आमच्या आधी पोचल्या होत्या. तिने घाईने साडी नेसली होती. एक काकू तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "अगो बाई, काय रंगलीय मेंदी! पण डिझाइन कुठलं म्हणायचं हे?"

"स्वीडिश," ती म्हणाली.

सोमवारी क्लिनिकच्या आधी तिने फ्रीझर उघडलं. दोन्ही कप हलले. दुपारी मॅनेजरने व्हिडिओ पाठवला: डोलकाठी उतरवलेली, क्रेनच्या पट्ट्यांत बोट हवेत, बुडातून पाणी ठिबकतंय. दोन पेशंटच्या मधे उभ्या उभ्या तिने तो पाहिला आणि आत गेली.

हिवाळ्यात काकांनी एकदा फोटो पाठवला. बोट पांढऱ्या दुलईखाली, तिचा आकार तेवढा कळत होता. त्या महिन्यांत मी तिला बऱ्याचदा फोनवर तिकडचं हवामान बघताना पकडलं. उणे किती झालं की मला सांगायची, आणि उत्तराची वाट न बघता पोळ्या लाटायला लागायची.

एप्रिलच्या शेवटी व्हिडिओ कॉल आला. काका केबिनमध्ये बसले होते, अंगात जाड स्वेटर, गाल लाल. त्यांनी गीझरच्या नळ्या पुन्हा जागेवर जोडल्या होत्या, टाकी भरली होती. म्हणाले, "तुझ्याशिवाय पंप चालू करणार नव्हतो." त्यांनी बटण दाबलं. पंप घुरघुरला. नळातून आधी गुलाबी आलं, मग फिकट गुलाबी, मग स्वच्छ. त्यांनी नळ बंद केल्यावर नळ्यांत दाब भरेपर्यंत पंप थोडा वेळ चालला आणि आपोआप बंद झाला. नळी कुठे फुटली असती तर तो बंद झालाच नसता. बंद झाला, आणि बंदच राहिला.

"गीझर?" तिने विचारलं.

काकांनी फोन गीझरजवळ नेला, टॉर्च लावून खालून, बाजूने, मागून दाखवला. कोरडा होता. मग म्हणाले, पाणी तापायला वेळ लागेल, तू फोन ठेव. तिने ठेवला नाही. क्लिनिकमधून आल्यापासून जेवलीही नव्हती. मी ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं. पलीकडे काका त्यांच्या खाडीची गोष्ट सांगत होते, कुठे खडक आहेत, वारा दुपारी कसा फिरतो, आणि ती जेवता जेवता बारीक बारीक प्रश्न विचारत होती, जणू उद्या तिलाच तिथून बोट काढायची आहे.

शेवटी काकांनी नळ सोडला, चष्मा काढून ठेवला आणि ओंजळीत घेतलेलं गरम पाणी तोंडावर मारलं. केबिनच्या काचा धुरकटल्या. ओल्या चेहऱ्यानेच ते म्हणाले, "जूनमध्ये ये. क्लिनिक बंद ठेव आणि ये. मी चहा करीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फोन माझ्याकडे वळवला आणि सांगितलं, "तिकीट मी काढतो."